‘पालकच लक्ष देत नाहीत’ : या वाक्याची जात कोणती?

“पोरं तशी बरी आहेत हो, पण पालकच लक्ष देत नाहीत.”

हे वाक्य ऐकलं नाही असा एकही कार्यकर्ता अमरावती-अकोला जिल्ह्यांत सापडणार नाही. दर्यापूरकडच्या जिल्हा परिषद शाळेत जा, अकोल्यातल्या महापालिकेच्या शाळेत जा, एखाद्या अनुदानित हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये पाच मिनिटं बसा. मुलाला भागाकार का येत नाही? पालक लक्ष देत नाहीत. आठवड्यात तीन दिवस गैरहजेरी का? पालक अज्ञानी आहेत. सातवीनंतर मुलगी शाळेत का दिसत नाही? त्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. प्रश्न कोणताही असो, उत्तर ठरलेलं. उत्तर देणाऱ्याला घरी जावं लागत नाही, विचारावं लागत नाही, पुरावा द्यावा लागत नाही. निकाल आधी लागलेला असतो, खटला चालवायची गरजच काय?

मित्रांनो, आपण आरक्षणावर बोलतो, शिष्यवृत्ती थकली की मोर्चा काढतो, विद्यापीठातल्या भेदभावावर रात्र-रात्र पोस्ट लिहितो. ते केलंच पाहिजे. पण विद्यापीठात पोचण्याआधी आपलं मूल दहा-बारा वर्षं शाळा आणि घर यांच्यामध्ये येरझारा घालत असतं. त्या येरझाऱ्यात शाळा त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहते, घर कोणत्या नजरेने पाहतं आणि शाळा व घर एकमेकांकडे कसं पाहतात, यावर चळवळीत फारसं बोललं जात नाही. आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे : शाळेला आपलं मूल ‘कुणाचं तरी पोट्टं’ दिसतं आणि घराला ते ‘उद्याची नोकरी’ दिसतं. माणूस म्हणून ते दोघांनाही दिसत नाही. जोवर ही नजर बदलत नाही, तोवर नुसत्या सवलतींनी मूल शाळेत टिकेल, पण ताठ मानेने उभं राहणार नाही.

‘लक्ष’ म्हणजे नेमकं काय?

आधी या ‘लक्ष न देणाऱ्या’ पालकाला नीट पाहू. ती कोण आहे? सकाळी सातला फडक्यात भाकर बांधून ऑटोत दाटीवाटीने बसून कापूस वेचायला जाणारी बाई आहे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. जेवढा वेळ कमी, तेवढी मजुरी कमी. तो कोण आहे? बडनेऱ्याच्या, मूर्तिजापूरच्या स्टेशनवर हमाली करणारा, अकोल्याच्या बांधकामावर सेंट्रिंगला जाणारा, पहाटे शहर झाडणारा माणूस आहे. मेळघाटातलं कोरकू कुटुंब असेल तर ते कामासाठी घाट उतरून बाहेर पडतं आणि होळीच्या सणाला गावी परततं.

आता शाळेची पालक सभा कधी असते? कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. सोयाबीनची सोंगणी चालू असो की कपाशी फुटलेली असो, शाळेच्या वेळापत्रकात शेतमजुराचा हंगाम नसतो. आईने सभेला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. बुडवून आली तर तिला काय मिळतं? मागच्या रांगेत जागा, मुलाबद्दल चार तक्रारी आणि ‘घरी अभ्यास घेत जा’ हा सल्ला. जिला स्वतःला अक्षरं जुळवावी लागतात तिने सातवीच्या इंग्रजीचा अभ्यास घ्यायचा! ती पुढच्या सभेला येत नाही. नोंदवहीत ‘पालक अनुपस्थित’ असं लिहिलं जातं. ‘आली नाही’चा अर्थ ‘काळजी नाही’ असा होतो आणि तोच अर्थ पुढे मुलाच्या कपाळावर चिकटतो.

समाजशास्त्रात या गोष्टीचा बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅनेट लॅरो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ‘अनइक्वल चाइल्डहुड्स’ या २००३ सालच्या पुस्तकात कामगार आणि मध्यमवर्गीय घरांतल्या पालकत्वाची तुलना केली. मध्यमवर्गीय पालक शिक्षकाशी बरोबरीने बोलतो, हुज्जत घालतो, सवलत मागून घेतो. कामगार पालक मूल शिक्षकाच्या हवाली करतो आणि आदराने मागे उभा राहतो. प्रेम दोघांचंही तेवढंच असतं. पण शाळेची भाषा मध्यमवर्गाची असल्यामुळे पहिल्याचं वागणं तिला ‘जागरूकता’ वाटतं आणि दुसऱ्याचं ‘उदासीनता’. आपल्याकडे यात वर्गाच्या जोडीला जात येते, म्हणून ती उदासीनता ‘त्या लोकांचा’ स्वभाव ठरते. शेजारच्या कॉलनीतला पालक सभेला आला नाही तर ‘साहेब कामात असतील’ असं म्हटलं जातं. आपल्या वस्तीतला आला नाही तर ‘पिऊन पडला असेल’. गैरहजेरी एकच, अर्थ मात्र दोन. वाक्याची जात ओळखायची ती इथे.

हजेरीपटातला मुलगा

शाळेत नाव घालताना पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा जातीचा. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जात लिहिली जाते आणि त्याचं कारण आपण जाणतो. घटनात्मक हक्क मिळण्यासाठी ती नोंद लागते. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्याआधीचा संघर्ष आपल्या आधीच्या पिढीने केला. नोंदीला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो ती नोंद भरवर्गात पुकारण्याला. “एससीची पोरं उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आले.” चाळीस मुलांतली आठ-दहा मुलं उभी राहतात आणि बाकीची बघतात. शिक्षकाला ही दोन मिनिटांची कारकुनी वाटते. त्या दोन मिनिटांत मूल काय शिकतं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने वाचला पाहिजे. मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली आणि बरोबर सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले. कुणाची जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता. नंतर सगळ्यांसमोर मुलांची जात मोठ्याने जाहीर केली आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तशीच, बक्षीसही तेच, बुद्धी अर्थातच तीच. बदललं ते फक्त एवढंच, की आता सगळे आपल्याकडे ‘त्यातला’ म्हणून बघत आहेत हे मुलाला कळलं. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ‘गुणवत्ता’ म्हणून जे मोजलं जातं त्यात नजरेचा वाटा किती असतो, हे त्या घसरणीवरून ओळखा.

आणि नजर फक्त जातीचं नाव घेऊनच काम करते असं नाही. ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ ही शाबासकी कितीतरी मुलांनी ऐकली आहे. मूल ‘मले’, ‘तुले’, ‘गेलतो’ म्हणालं की वर्ग हसतो आणि गुरुजी ‘शुद्ध बोल’ म्हणतात. वऱ्हाडी बोली ही अशुद्ध मराठी नव्हे, ती त्या मुलाच्या आईची भाषा आहे. आईची भाषा हसण्याजोगी ठरली की ती आई शाळेत तोंड उघडेल का? मेळघाटातल्या कोरकू मुलाचा प्रश्न तर याहून मोठा आहे. कोरकू ही मराठीची बोलीसुद्धा नाही, ती मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे. पहिलीच्या वर्गात ते मूल गप्प बसतं, कारण त्याला समोरचं बोलणं कळतच नाही. शेरा मात्र ‘प्रतिसाद देत नाही’ असा लिहिला जातो.

शेऱ्यांचंच बघा. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मुलाचं रोज निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहायच्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना फार चांगली होती. गुणांच्या पलीकडे जाऊन शिक्षकाने मूल पाहावं आणि पालकाला सांगावं, यासाठीच ती होती. झालं काय? नोंदींचे तयार नमुने फिरू लागले आणि ते उतरवून काढणं हेच मूल्यमापन झालं. शंभर मुलांची प्रगतीपुस्तकं उघडा. ‘चित्रे काढतो’, ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ एवढ्यातच सगळं बालपण संपतं. मूल घरी कोणतं काम करतं, धाकट्या भावंडाला कसं सांभाळतं, बाजारात हिशेब कसा चोख करतं, विहारात वंदना कशी तोंडपाठ म्हणतं, याची नोंद कुठेच नाही. घर हे ज्ञानाचं ठिकाण असू शकतं हेच शाळेला मान्य नाही.

सगळेच शिक्षक असे नाहीत. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत, पोषण आहाराच्या हिशेबापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सरकारने शिक्षकाला कारकून करून टाकलं आहे, हेही खरं आहे. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे तर घरोघरी जायला वेळ कुठून आणायचा? हा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण कामाचा बोजा मुलाला नावं ठेवायला लावत नाही. ती सवय वेगळ्या ठिकाणाहून येते. आणि ती फक्त उच्चवर्णीय शिक्षकातच असते असं समजून आपण मोकळं होऊ नये. वस्तीतून शिकून बाहेर पडलेला, कॉलनीत घर बांधलेला, पाच आकडी-सहा आकडी पगार घेणारा आपलाच शिक्षक जेव्हा फ्रेजरपुऱ्यातल्या किंवा अकोट फैलातल्या पोरांबद्दल ‘यांचं काही होणार नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून मनूच बोलत असतो. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असला म्हणून नजर आपोआप आंबेडकरी होत नाही.

फुल्यांनी काय मागितलं होतं?

शाळा आणि घर यांच्या नात्याचा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. त्यात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी होती, हे आपण दर भाषणात सांगतो. पण त्यांनी शिक्षक कसा हवा हेही सांगितलं होतं. शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, नांगराची मूठ धरायला किंवा सुताराची हत्यारं हाती घ्यायला लाजणारा नसावा, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा ओळखणारा असावा. सोवळं सांभाळत अंतर राखून बसणारा शिक्षक बहुजनांच्या मुलांना शिकवू शकत नाही, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. म्हणजे शिक्षकाने पालकात मिसळावं हा फुल्यांच्या शिक्षणविचाराचा पायाच आहे. आज आपण त्याच्या उलट करतो. पालकाने शाळेच्या पायरीशी यावं, चप्पल बाहेर काढावी आणि तक्रार ऐकून जावं.

बाबासाहेबांचं बालपण पाहा. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं. शिपाई असेल तर पाणी, नाहीतर तहान. शाळेने भीमामध्ये अस्पृश्य पाहिला. घराने काय पाहिलं? रामजी सुभेदार हे स्वतः लष्करी शाळेत शिकवलेले. परळच्या चाळीत एकच खोली. त्या खोलीत मुलाचा अभ्यास व्हावा म्हणून ते भीमाला लवकर झोपवत, स्वतः पहाटे दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून त्याच्या जागी स्वतः झोपत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लेकींचे दागिने घेऊन गहाण ठेवत. आणि शाळेबाहेर एक शिक्षक भेटले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. बागेत एकटा पुस्तक वाचत बसणारा मुलगा त्यांना दिसला. त्यांनी त्याची चौकशी केली, पुस्तकं दिली, १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, पुढच्या शिक्षणासाठी रामजींशी बोलले, सयाजीरावांपर्यंत नेलं. त्यांना दिसला तो एक वाचणारा मुलगा. घर आणि शिक्षक यांचं नातं बरोबरीचं झालं की काय घडतं, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

या अनुभवातूनच न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना, १९१३ साली, वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी एक क्रांतिकारक विचार मांडला. आईबाप जन्म देतात, कर्म म्हणजे नशीब देत नाहीत, ही समजूत सोडून द्या. मुलाचं भवितव्य आईबाप घडवू शकतात. आणि मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवलं तर प्रगती झपाट्याने होईल. बावीस वर्षांच्या तरुणाने कर्मविपाकाच्या सिद्धांतावर घातलेला हा घाव आहे. ‘याच्या नशिबात शिक्षण नाही’ असं म्हणणारा बाप आणि ‘यांच्यात शिक्षण नाही’ असं म्हणणारा मास्तर, दोघंही याच कर्मसिद्धांताचे चाकर आहेत.

आपल्या घरातली छडी

आता घराकडे वळू. हा भाग काहींना आवडणार नाही, पण चिकित्सा दारापाशी थांबवायची नसते.

“गुर्जी, मारा पण शिकवा.” वऱ्हाडातल्या कितीतरी आईबापांनी हे शिक्षकाला हात जोडून सांगितलं आहे. त्यामागची तळमळ आम्हाला कळते. शाळेबाहेर ठेवलेल्या समाजाला शाळेचं दार उघडलं, तर त्या दारापुढे तो वाकणारच. पण वाकण्याची सवय हक्काला मारक ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. संसदेने २००९ साली जे मुलाला दिलं, ते आपण हात जोडून परत करतो. मूल मार खाऊन घरी आलं की आपण विचारतो, “तूच काहीतरी केलं असशील.” अपमान झाला म्हणालं तर सांगतो, “तू अभ्यासाकडे लक्ष दे.” म्हणजे शाळेत बोलायची सोय नाही आणि घरी ऐकणारं कुणी नाही. दोन भिंतींमध्ये चिणलेलं ते मूल एक दिवस शाळेत जाणंच बंद करतं आणि दोन्ही बाजू म्हणतात, त्याला आवडच नव्हती!

याहून सूक्ष्म छडी आहे ती बाबासाहेबांच्या नावाची. “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला दोन तास बसवत नाही?” प्रत्येक घरात हे ऐकू येतं. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, पाहुणे बसलेले, मूल स्टोव्हजवळ वही घेऊन; आणि त्याला अठरा तासांचा हिशेब. मुक्तिदात्याचं नाव मुलाला कमीपणा देण्यासाठी वापरायचं, हा कोणता आंबेडकरवाद? रामजींनी भीमाला कुणा थोर माणसाचं नाव घेऊन टोमणे मारले नाहीत. त्यांनी स्वतःची झोप मोडून मुलाला जागा दिली. अनुकरण करायचं तर त्याचं करू.

आणि मुलगी? एकाच घरातला मुलगा इंग्रजी माध्यमाच्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये, मुलगी जिल्हा परिषदेत, हे चित्र वस्त्यांत नवं नाही. मुलाची फी ही गुंतवणूक आणि मुलीचं शिक्षण हा लग्न होईपर्यंतचा कार्यक्रम, असा हिशेब असेल तर १९१३ चं ते पत्र आपण वाचलंच नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांनी आयुष्यभर सांगितलं, भाकरी हातावर घेऊन खा पण लेकराला शिकवा. लेकरू म्हणजे फक्त लेक नव्हे, मुलगीही. आणि शिकवा म्हणजे पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरा आणि नीटच्या गुणांची वाट पाहा, एवढाच त्याचा अर्थ नाही. आज अमरावती-अकोल्याच्या चौकाचौकांत क्लासेसचे फलक लागले आहेत. त्या फलकांवर मुलांचे चेहरे असतात आणि खाली गुण. फलकावर जागा न मिळालेल्या मुलाचं घरात स्थान काय, हा प्रश्न आपण कधी विचारणार?

प्रश्न विचारणारी शाळा

वेगळं काही होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि ते आपल्याच जिल्ह्यात झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी शाळा काढली. ते स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी हे काम उभं केलं. ज्या जमातीला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो शिक्का पुसला जाऊनही पोलिसांच्या नजरेतून तो गेला नाही, त्या जमातीची ही मुलं. गावातल्या शाळेला त्यांच्यात चोर दिसत होता, रस्त्याला भिकारी दिसत होता. या शाळेने त्यांच्यात प्रश्न पाहिले आणि नावच ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. शिक्षक त्यांच्यातला, त्यांची भाषा जाणणारा, त्यांच्या पालांवर जाऊन पालकांशी बोलणारा. फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागितलेला शिक्षक असाच होता.

आणि व्यवस्थेने काय केलं? समृद्धी महामार्गासाठी २०१९ मध्ये त्या शाळेच्या वाचनालयासह काही बांधकामावर बुलडोझर चालला. महामार्गाचा नकाशा काढणाऱ्याला तिथे शाळा दिसली नाही. नजरेचा प्रश्न वर्गापुरता नसतो तो असा.

सरकारची नजर पाहायची तर आणखी एक ताजं उदाहरण घ्या. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. कोर्टाने दार पुन्हा उघडलं, पण आत गेलेल्या मुलाला वर्गात ‘आरटीईवाला’ म्हणतात, आणि त्याच्या आईला पालकांच्या इंग्रजी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय चाललं आहे ते कळत नाही. जागा मिळाली, बरोबरी मिळाली नाही.

मग करायचं काय?

कायद्याने आपल्याला एक हत्यार दिलं आहे आणि ते आपण गंजू दिलं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असले पाहिजेत. निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, खर्चावर लक्ष ठेवते. आपल्याकडे तिचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो. म्हणजे कापूस वेचणारी आई शाळेच्या कारभाराची मालकीण होऊ शकते! प्रत्यक्षात काय होतं? गावातला वजनदार माणूस अध्यक्ष होतो आणि आपल्या बाईच्या घरी रजिस्टर येतं, ‘इथं सही करा’ म्हणून.

वस्तीतल्या जयंती समितीचा अध्यक्ष कोण, हे आपल्या प्रत्येक तरुणाला माहीत असतं. त्या पदासाठी भांडणंही होतात. पण आपल्या वस्तीतली कोणती आई शाळा व्यवस्थापन समितीत आहे, मागची सभा कधी झाली, तिथे काय ठरलं? हे किती जणांना सांगता येईल? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हजारो तरुण उतरतात. त्यातल्या प्रत्येक वस्तीतून दोघांनी जरी दर महिन्याला त्या आईसोबत शाळेत जायचं ठरवलं, तरी शाळेतली हवा बदलेल.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पालक सभा संध्याकाळी किंवा रविवारी घ्या, आणि वर्षातून निदान दोनदा ती वस्तीत, विहाराच्या ओट्यावर होऊ द्या. शिक्षकाने एकदा आपल्या अंगणात बसून चहा घेतला की ‘ते लोक’ हा शब्द त्याच्या तोंडी सहज येत नाही. सभेची सुरुवात तक्रारीने नको, मुलाला काय येतं हे सांगण्याने होऊ द्या. शिष्यवृत्तीचे फॉर्म वर्गात जात पुकारून नव्हे, तर पालकाला बोलावून भरा. प्रगतीपुस्तकातली नोंद शिक्षकाने पालकाला वाचून दाखवावी, आणि पालकाने विचारावं : हे तुम्ही माझ्याच लेकराबद्दल लिहिलं आहे ना? आणि घरासाठी : ‘मारा’ हा शब्द आजपासून बंद. विहारात अभ्यासिका सुरू करा. ज्या घरात एकच खोली आहे त्या घराच्या वतीने वस्तीने रामजी व्हायचं आहे. रोज मुलाला ‘किती मार्क पडले?’ यासोबत ‘आज तुला कुणी काय बोललं? तू काय विचारलंस?’ हेही विचारा. उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका.

काही जण म्हणतील, पालक शाळेत बोलू लागले तर शिक्षकाचा मान राहणार नाही. ज्या मानाला गप्प पालक लागतो, तो मान नव्हे, धाक आहे. केळुसकरांचा मान बाबासाहेबांनी आयुष्यभर राखला, तो धाकाने नव्हे. काही जण म्हणतील, आधी पोटाचं बघा, मग नजरेचं. पोटाचा लढा चालूच आहे. पण ज्या मुलाला स्वतःची किंमतच वाटत नाही, ते उद्या पोटासाठी लढणार तरी कसं?

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला बजावलं होतं की राजकारणात प्रत्येक माणसाला समान मूल्य असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारलं जाईल. हे नाकारणं मूल सहा वर्षांचं असताना, पहिलीच्या वर्गात सुरू होतं आणि संध्याकाळी घरी त्यावर शिक्कामोर्तब होतं. ते थांबवायचं तर सुरुवातही तिथूनच करावी लागेल. शाळेला आणि घराला, दोघांनाही एकच गोष्ट मान्य करायला लावू : एक मूल, एक मूल्य.

शाळेची पुढची सभा कधी आहे ते उद्याच विचारा. तारीख कळली की वस्तीत दवंडी द्या, आणि या वेळी पुढच्या रांगेत बसा.

जय भीम!